हळद शेवटी: आतड्याच्या अस्तरासाठी ज्वारी, कांदा, डाळिंब आणि हळद कोणत्या क्रमाने आणायची

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागातले एक काका-काकू माझ्याकडे आहाराचं विचारायला आले. काकांचं पोट वर्षभर धड नव्हतं. काकूंनी पिशवी टेबलावर उपडी केली. हळदीच्या कॅप्सूलची बाटली, डाळिंबाच्या सालीची पूड, जवस, आवळ्याचा रस. शेवटी पिशवी झटकली तशा तळातून अंगदुखीच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या पडल्या, अर्ध्या संपलेल्या.

"ह्या कुणाच्या?"

"माझ्याच की," काका म्हणाले. "मागावर उभं राहून कंबर धरती. रोज एक घेतो. कधी दोन."

तळाला भोक असलेल्या घागरीत पाणी भरणं चाललं होतं. वस्तू बहुतेक बऱ्याच होत्या, क्रम उलटा होता. लोक हळदीच्या कॅप्सूलपासून सुरुवात करतात आणि ज्वारीपर्यंत कधी पोचतच नाहीत. पुढचे टप्पे त्याच क्रमाने करा, मधला एकही गाळू नका.

आधी थोडं कारण, म्हणजे क्रम का ते कळेल. आतड्याचं आतलं अस्तर जेमतेम एका पेशीइतकं जाड असतं. या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. पेशींमधले सांधे घट्ट असले आणि वरचा बुळबुळीत थर शाबूत असला, की जंतू आत शिरत नाहीत आणि सूज धरत नाही. डाळिंब, कांदा, ज्वारीचा कोंडा, शेंगदाण्याची लाल साल यांत पॉलिफिनॉल नावाची संयुगं असतात. त्यांतली बहुतेक लहान आतड्यात शोषलीच जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांचा अस्तराला उपयोग होऊ शकतो. 'शकतो' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर पुरावा भरपूर आहे, माणसांवरचे प्रयोग मोजके आणि लहान आहेत. त्यामुळे खाली जे आहे ते रोजच्या ताटापुरतं आहे, चालू औषध बंद करण्यासाठी नाही.

## टप्पा १: आधी तपासणी, मग स्वयंपाकघर

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि पोटाच्या डॉक्टरांना गाठा: शौचातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, हटत नसलेला ताप, रक्त कमी असल्याचा अहवाल, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं. रक्त दिसलं की 'मूळव्याध असेल' म्हणून वर्ष-वर्ष काढणारी माणसं मी पाहिली आहेत. मूळव्याध असेलही, पण ते डॉक्टरांनी बघून सांगायचं.

आतड्यात खरंच सूज आहे का, हे शौचाच्या नमुन्यावरून कळायला फिकल कॅलप्रोटेक्टिन नावाची चाचणी असते. ती करायची का, हे डॉक्टरांना विचारा. सूज नसताना पोट दुखणं आणि सूज असताना दुखणं, या दोन्हींचा आहार वेगळा असतो.

थांबा: सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराला इजा होणारा आजार, असल्याची शंका असेल तर चाचणीआधी चपाती बंद करू नका. गहू आधीच सोडला तर रक्तचाचणी खोटी 'नॉर्मल' येऊ शकते. आपल्याकडे ही चूक फार होते, कारण भाकरीवर जाणं सोपं असतं.

थांबा: क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या जुनाट आजारामुळे आतडं कुठे अरुंद झालं असेल तर डाळिंबाचे दाणे, शेंगदाणे, कडक भाकरी यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तिथे अडकू शकतं.

## टप्पा २: दोन आठवडे, फक्त जखम करणारं काढायचं

या टप्प्यात नवीन काहीच खायचं नाही, म्हणून लोक तो उडवतात. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

पहिलं, अंगदुखीच्या गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या जठराच्या आणि आतड्याच्या अस्तराला इजा करतात. पंधरा रुपयांची पट्टी चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. मागावर, विडीच्या सुपापुढे, रानात दिवसभर कंबर मोडणाऱ्यांच्या खिशात ही पट्टी असतेच. दुसरा उपाय डॉक्टरांकडून घ्या. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिनची लहान गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही.

दुसरं, तंबाखू, मिश्री, गुटखा, दारू. मिश्रीला बायका व्यसनात धरत नाहीत, म्हणून मी ती वेगळी विचारते.

तिसरं, तिखट. मिरचीने जखम होतेच असं नाही, पण आधीच चिडलेल्या आतड्यात आग आणि घाई नक्की वाढते. रिकाम्या पोटी कडक चहा, वर शेंगाचटणी-भाकरी हा नाश्ता दोन आठवडे बाजूला.

एक वही करा. चारच रकाने: वेळ, काय खाल्लं, शौच कशी, दुखलं का. मोबाईलमध्ये लिहू नका, दोन दिवसांत बंद पडतं.

पडताळा: दोन आठवड्यांनी वही उघडा. घाई, जळजळ, दुखणं यांत काहीही फरक नसेल तर पुढे जाऊ नका, टप्पा १ वर परत या. फरक असेल तर ज्वारी घ्या.

## टप्पा ३: पाया ज्वारीचा, सुरुवात आंबिलाने

डाळिंब-हळदीतली संयुगं तोडायला पोटात जिवाणू लागतात आणि त्यांना रोज खायला लागतं ते तंतू. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात. जिवाणू ते आंबवतात तेव्हा ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन तेच. त्यामुळे ज्वारीआधी डाळिंब म्हणजे मजूर बोलवायच्या आधीच विटा उतरवून ठेवण्यासारखं.

मंगळवेढ्याची मालदांडी पांढरी असते, तिच्यात लाल ज्वारीइतकं तुरट द्रव्य नसतं. जे आहे, मुख्यतः फेरुलिक आम्ल, ते कोंड्याला घट्ट चिकटलेलं असतं. म्हणून पहिली चूक चाळणीत होते. भाकरी पांढरीशुभ्र आणि मऊ यावी म्हणून बारीक चाळणीने पीठ चाळलं तर जे हवं होतं ते चाळणीत राहिलं. गिरणीतून आणलेलं पीठ जाड चाळणीने खडे-काडी बघण्यापुरतं चाळा. आणि पीठ आठवड्यापुरतंच दळा, उन्हाळ्यात ते लवकर कडू होतं.

आंबील असं करा (दोन माणसांसाठी):

१. संध्याकाळी पोह्याचे दोन चमचे भरून ज्वारीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात किंवा पातळ ताकात कालवा. गुठळी राहू देऊ नका. स्टीलचं किंवा मातीचं भांडं घ्या. पितळेचं असेल तर कल्हई शाबूत हवी, कारण मिश्रण आंबट होतं.

२. झाकून ठेवा. थंडीत रात्रभर, १० तास. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर गेला की ५-६ तास पुरे. त्या दिवसांत रात्री उशिरा कालवा, नाहीतर सकाळी भांड्यातून आंबट वासाबरोबर दुसराही वास येतो.

३. वास घ्या. ताकासारखा आंबट, वर बारीक बुडबुडे: बरोबर. सडका वास, गुलाबी किंवा काळा ठिपका: ओतून द्या, वरचा थर काढून बाकीचं वाचवू नका.

४. दोन वाट्या पाणी उकळा, मीठ घाला, आच कमी करा. आंबवलेलं पीठ बारीक धारेने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. ८-१० मिनिटं लागतात. आधी पातळ वाटेल, मग जड बुडबुडे फट्-फट् फुटू लागतील आणि पळी उचलली की पाठीवर पातळ थर राहील. कच्च्या पिठाचा वास गेला की उतरवा.

५. कोमट झाल्यावर ताजं ताक घाला. गरम आंबिलात ताक ओतून पुन्हा उकळू नका. शिजवताना आंबवणीतले जिवाणू मेलेलेच असतात, जिवंत मिळतात ते ताकातले. जिरेपूड चालेल, लसूण सध्या नको.

पहिले चार दिवस माणशी अर्धी वाटी. मग एक वाटी. आठवड्यानंतर दुपारी एक मऊ भाकरी, वरणात किंवा आमटीत कुस्करून.

आमची कडक भाकरी या टप्प्याच्या शेवटी येते, सुरुवातीला नाही. भाकरी शिजून गार झाली की तिच्यातला काही स्टार्च पचायला अवघड होतो आणि न पचता मोठ्या आतड्यात जातो. जिवाणूंना तो हवाच असतो. सकाळची भाकरी संध्याकाळी खाणं म्हणूनच काही कमीपणाचं नाही. पण सुजलेल्या पोटाला कडक भाकरीचे टोकदार तुकडे नकोत. गरम आमटीत पूर्ण भिजवून, मऊ झाल्यावर.

पडताळा: थोडा गॅस, पोटात गुडगुड हे अपेक्षित. पोट ताणल्यासारखं टम्म झालं तर प्रमाण निम्मं करा आणि तीन दिवस थांबा. शौच घट्ट झाली तर बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं. तंतू वाढवून पाणी तेवढंच ठेवलं तर आतड्यात गारा होतो.

## टप्पा ४: कांदा, आणि त्याच्यासोबत शेंगा

कांद्यात क्वेरसेटिन असतं, लाल कांद्यात जास्त, आणि सगळ्यात जास्त बाहेरच्या पाकळ्यांत. आपण सोलताना कागदी सालीबरोबर दोन जाड पाकळ्या काढून टाकतो. बाजार समितीत कांद्याचा ढीग लागतो म्हणून असेल, पण सोलापुरात कांदा सोलण्याची उधळपट्टी बघवत नाही. फक्त कागदी साल काढा.

दुसरी चूक: बुक्कीने फोडलेला कच्चा कांदा रिकाम्या पोटी. चवीला भाकरीबरोबर त्याच्यासारखं काही नाही, हे मला मान्य. पण कांद्यात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते, ती नाजूक पोटात फुगारा आणते. आधी शिजवलेला कांदा, अर्धा, जेवणात. रश्श्यात शिजवला तर रस्सा टाकू नका, क्वेरसेटिन पाण्यात उतरतं.

कांदा अजिबात सोसत नसेल तर एक युक्ती. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. कांद्याच्या मोठ्या फोडी तेलात परता, पाणी पडू देऊ नका, मग फोडी काढून घ्या आणि त्याच तेलात भाजी फोडणीला टाका. वास मिळतो, फुगारा येत नाही. क्वेरसेटिनही फोडींबरोबर गेलं, हे मात्र लक्षात ठेवा. ही सोय चवीची आहे. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग बहुतेकांना सोसतो.

शेंगदाण्यात मला पाहिजे ती लाल साल. चटणीला गुळगुळीत पांढरे दाणे घेण्यासाठी ती चोळून पाखडून टाकतात. एक वाटी दाणे मंद आचेवर १२-१५ मिनिटं भाजा, साल राहू द्या, चमचाभर जिरं, मीठ, सुरुवातीला तिखट पाव चमचा, आणि खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होतो. सोलापुरी माणसाला ही चटणी फिक्की लागेल, आमच्या घरीही तिला 'आजाऱ्याची चटणी' म्हणतात.

थांबा: दाणा सुरकुतलेला, काळपट किंवा खवट लागला तर फेका. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून पूर्ण जात नाही.

या टप्प्याला दहा दिवस. कांदा आणि शेंगा एकाच दिवशी सुरू करायचे नाहीत. आधी कांदा, पाच दिवसांनी शेंगा. दोन्ही एकदम सुरू केले आणि पोट बिघडलं, तर दोष कुणाचा ते वहीसुद्धा सांगू शकत नाही.

## टप्पा ५: डाळिंब, पण साल नको

भगवा डाळिंबाच्या दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिनचा. त्याहून जोरकस द्रव्य, प्युनिकॅलॅजिन, मुख्यतः सालीत आणि दाण्यांमधल्या पांढऱ्या पापुद्र्यात असतं. आतड्यातले काही जिवाणू त्यापासून युरोलिथिन बनवतात. सगळ्यांच्या पोटात ते जिवाणू नसतात, म्हणून शेजारणीला गुण आला तसा तुम्हाला येईलच असं नाही.

लोक सालीकडे वळतात ते यामुळेच. साल वाळवायची, पूड करायची, चमचाभर फाकायची. सांगोला-पंढरपूर भागात तेल्या रोग, किडी आणि बुरशी यांसाठी बागेला किती फवारण्या होतात, हे बागायतदाराला विचारा. तो बाजारात विकलेल्या फळाची साल घरच्या लेकराला देणार नाही. फवारणीचा थर सालीवरच बसतो. आणि मुळाची साल तर अजिबात नको, तिच्यातली अल्कलॉइड विषारी असतात.

असं खा: फळ धुवा, मगच कापा, म्हणजे सुरी सालीवरचं आत नेणार नाही. वरचा मुकुट टोपीसारखा कापा, आत पापुद्र्यांच्या रेषा दिसतील. त्या रेषांवर सालीला उभ्या खाचा द्या आणि हाताने फोडी उघडा. दाणे सोडवताना पांढरे पापुद्रे काटेकोर काढू नका. चार-सहा तुकडे दाण्यांबरोबर जाऊ द्या, तुरट लागतात तेवढंच. रोज अर्धी वाटी, जेवणानंतर, नीट चावून.

रस का नको? एका ग्लासात दोन-तीन फळांची साखर येते आणि चोथा गाळणीत जातो. मधुमेह असेल तर रस सोडाच, दाण्यांचं प्रमाणही डॉक्टरांना विचारून ठरवा.

थांबा: रक्त कमी आहे आणि लोहाची गोळी चालू आहे? डाळिंब, चहा आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रोजचं डाळिंब सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.

## टप्पा ६: हळद, आणि तीही फोडणीत

२००६ मध्ये जपानमधल्या एका प्रयोगात अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा जुनाट आजार) शांत असलेल्या रुग्णांना सहा महिने रोज २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण कमी राहिलं. ही बातमी फिरत फिरत आपल्यापर्यंत येते तेव्हा दोन गोष्टी गळून पडलेल्या असतात. एक, ते रुग्ण नेहमीचं औषध घेतच होते, कर्क्युमिन त्याच्या जोडीला होतं. दोन, कर्क्युमिन म्हणजे हळद नव्हे. हळदीत ते सुमारे ३ टक्के. २ ग्रॅम कर्क्युमिनला साधारण ६५ ग्रॅम हळद लागेल, म्हणजे वीसेक चहाचे चमचे. रोज. तेवढी हळद कुणीही खाऊ नये.

मग कॅप्सूल घ्यावी? स्वतःच्या मनाने नाही. बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क, पाइपरिन, घातलेला असतो. तो कर्क्युमिन रक्तात जास्त पोचवतो. पण आपल्याला अस्तराशी काम आहे, आणि कर्क्युमिन रक्तात न शिरताही आतड्यातून जाताना अस्तराला भेटतंच. पाइपरिन मात्र दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवू शकतं. जोरकस हळद-कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. गडद लघवी, अंगाला खाज, डोळे पिवळे: कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर.

असं करा: शक्यतो अख्खं हळकुंड आणून दळून घ्या. सुटी हळद फार झगझगीत पिवळी दिसली तर घेऊ नका, रंगासाठी शिसं असलेलं लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार झालेले आहेत. करडईचं तेल किंवा तूप तापवा, जिरं तडतडू द्या, आच कमी करा, मगच हळद टाका आणि लगेच भाजी किंवा डाळ ओता. हळद तपकिरी झाली तर कडू होते. माणशी दिवसाला पाव ते अर्धा चमचा, दोन जेवणांत मिळून. रिकाम्या पोटी गरम पाण्यात हळद ढवळून पिण्याने जळजळ झालेली माणसं माझ्याकडे दर महिन्याला येतात.

थांबा: मुतखडा, पित्ताशयात खडे, रक्त पातळ करणारं औषध, ठरलेली शस्त्रक्रिया: यांपैकी काही असेल तर स्वयंपाकातल्या नेहमीच्या चिमटीपलीकडे जाऊ नका.

## टप्पा ७: बिघडलं तर मागे कसं यायचं

लग्नाचं जेवण, गड्ड्याच्या यात्रेतलं खाणं, हुरडा पार्टी: काहीतरी होणारच. पोट बिघडलं की सगळं बंद करून उपास धरू नका आणि भरपाई म्हणून दुप्पट डाळिंबही नको. आधी डाळिंब आणि कच्चा कांदा थांबवा, मग शेंगा. आंबील आणि मऊ भात-वरण चालू ठेवा. तीन दिवस शांत गेले की ज्या क्रमाने काढलं त्याच्या उलट क्रमाने, एका वेळी एक, परत आणा. हुरड्यात मात्र मी लोकांना अडवत नाही. चार घास गरम हुरडा चालतो, सोबतच्या चटणीकडे बघा.

चौथ्या दिवशीही जुलाब, ताप किंवा रक्त असेल तर डॉक्टरांकडे. जाताना वही न्या, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, बाटल्या एका पिशवीत भरून न्या. तिथे काकूंनी केली तशी पिशवी पूर्ण उपडी करा, तळ झटकून.